शेगडी, गंजी आणि चुनाभट्टी : प्राणवायूचा जमाखर्च



वणीहून राजूरच्या वाटेने तुम्ही कधी गेला असाल, तर दोन गोष्टी तुमच्या नजरेतून सुटल्या नसतील. एक म्हणजे कोळसा. उकणी, निलजई, मुंगोली, घोन्सा ही खाणींची नावे या भागात लहान पोरांनाही पाठ असतात. दुसरी गोष्ट म्हणजे राजूरच्या चुनाभट्ट्या. एकीकडे काळा दगड, दुसरीकडे पांढरा दगड. काळा दगड पेटवला की तो उष्णता देतो. पांढरा दगड भट्टीत घातला की तो उष्णता खातो. दोघांची गाठ भट्टीत पडते आणि त्यातून चुना निघतो.

दोघांच्या या देण्याघेण्यात एक तिसरा भागीदार आहे. तो दिसत नाही, त्याला वास नाही, पण त्याच्यावाचून चूल पेटत नाही आणि माणूस जगत नाही. त्याचे नाव प्राणवायू, म्हणजेच ऑक्सिजन. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो आणि ७८ भाग नायट्रोजन.

हा प्राणवायू एखाद्या पदार्थाशी जुळतो तेव्हा बहुतेक वेळा उष्णता बाहेर पडते. जुळलेला प्राणवायू त्या पदार्थापासून पुन्हा सोडवायचा असेल, तर तेवढीच उष्णता परत मोजावी लागते. शाळेच्या पुस्तकात पहिल्या प्रकाराला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात आणि दुसऱ्याला उष्माग्राही. नावे अवघड वाटली तर सोडून द्या. सावकाराच्या वहीतील जमा आणि खर्च लक्षात ठेवा, म्हणजे पुरे. मात्र ही वही नीट वाचता आली नाही, तर कोणाची गंजी जळते, कोणाचा डोळा जातो आणि बंद खोलीत झोपलेले घर सकाळी उठत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ही गोष्ट कळली कशी?

१ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टले या गृहस्थांनी एक प्रयोग केला. पाऱ्याची लाल राख त्यांनी एका काचपात्रात ठेवली आणि मोठ्या भिंगाने सूर्याचे ऊन तिच्यावर एकवटले. ती राख म्हणजे पारा आणि प्राणवायू यांची जोडी होती. उन्हाची उष्णता मिळताच जोडी फुटली. चकचकीत पारा मागे राहिला आणि एक वायू सुटला. त्या वायूत मेणबत्ती नेहमीपेक्षा कितीतरी प्रखर जळू लागली. हाच प्राणवायू. उष्णता खर्च केली तेव्हा तो मोकळा झाला, हे ध्यानात घ्या.

पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी याचा उलगडा केला. जळणे म्हणजे पदार्थाने हवेतील प्राणवायू घेणे, हे त्यांनी वजनाच्या तराजूने दाखवून दिले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी व लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनिपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजले. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की श्वास घेणे हेसुद्धा एक संथ जळणेच आहे.

१८४० साली सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या हेस यांनी या वहीचा मुख्य नियम सांगितला. एखादा बदल एका टप्प्यात करा की चार टप्प्यांत करा, उष्णतेचा एकूण हिशेब तोच येतो. मध्येच कुठे उष्णता गडप होत नाही आणि कुठून फुकट उगवतही नाही. हा नियम आता आपण आपल्या घरच्या शेगडीवर तपासून पाहू.

शेगडीतला हिशेब

उष्णता मोजण्याचे माप किलोकॅलरी. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. कोळशातला जळणारा मुख्य पदार्थ कार्बन. एक किलो शुद्ध कार्बन पुरता जळला तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता देतो. तेवढ्यात शंभर लिटर पाण्याला उकळी आणता येईल. खाणीच्या कोळशात राख आणि ओल असते, म्हणून त्याची उष्णता यापेक्षा कमी भरते.

आता भरलेली शेगडी पाहा. खालच्या जाळीतून हवा शिरते. तळाच्या निखाऱ्यांना भरपूर प्राणवायू मिळतो. तेथे १२ किलो कार्बन ३२ किलो प्राणवायूशी जुळतो, ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि सुमारे ९४,००० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. ही झाली जमा.

पण हा वायू वर चढताना लाल निखाऱ्यांच्या थरातून जातो. तेथवर प्राणवायू संपलेला असतो. तेव्हा हाच वायू वरच्या कोळशाला आपल्यातला निम्मा प्राणवायू देतो आणि दोन्ही मिळून कार्बन मोनॉक्साइड नावाचा दुसरा वायू बनतो. हे काम फुकट होत नाही. आणखी १२ किलो कार्बन त्यात खर्ची पडतो आणि सुमारे ४१,००० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. हा झाला खर्च. एकाच शेगडीत खालच्या थरात उष्णता निघते आणि वरच्या थरात ती खाल्ली जाते.

तिसरा टप्पा निखाऱ्यांच्या माथ्यावर. तेथे पुन्हा ताजी हवा भेटते. निखाऱ्यांवर निळसर ज्योती नाचताना तुम्ही पाहिल्या असतील. तो हाच कार्बन मोनॉक्साइड जळत असतो. तो सगळा जळला तर १,३५,००० किलोकॅलरी परत मिळतात. बेरीज करून पाहा. ९४ हजार जमा, ४१ हजार खर्च, पुन्हा १३५ हजार जमा, म्हणजे एकूण १८८ हजार. चोवीस किलो कार्बन एकदम सरळ जाळला असता तरी नेमके एवढेच मिळाले असते. हेसचा नियम खरा ठरला.

पण निळी ज्योत विझली आणि तो वायू न जळताच खोलीत पसरला तर? तर हाती फक्त ५३ हजार राहतात. जवळजवळ पाऊणपट उष्णता वायूबरोबर निघून जाते. त्याहून वाईट म्हणजे तो वायू जीव घेतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळतात. झोपेत असलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

पुष्कळांची समजूत असते की धूर संपला, नुसते लाल निखारे उरले, म्हणजे शेगडी आत घ्यायला हरकत नाही. हीच समजूत घात करते. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण त्याच्यापासून दूर पळतो. निखाऱ्यांचा वायू झोंबत नाही, म्हणून त्याच्याजवळ झोपतो. पौषाच्या थंडीत बाळंतिणीची खोली असो की आजीची, झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवा. शेकायचे असेल तर दार आणि खिडकी उघडी ठेवून, जागे राहून शेका. कोणी बेशुद्ध सापडले तर आधी दारे उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि तसेच दवाखान्यात न्या. तेथे त्याला शुद्ध प्राणवायू देता येतो.

भट्टीवर काम करणाऱ्या भावांनाही हेच सांगणे आहे. चुनाभट्टीच्या तोंडाशी थंडीच्या रात्री ऊब छान मिळते, पण तेथे झोपू नका. भट्टीतून दोन्ही वायू निघतात. त्यांपैकी कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो.

उष्णता खाणारा पांढरा दगड

भट्टीचा विषय निघालाच आहे, तर आता उष्णता खाणाऱ्या दगडाकडे येऊ. वणीच्या परिसरात चुनखडीचा दगड मुबलक आहे. पुढे मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला तोही याच दगडाच्या भरवशावर.

चुनखडीत तीन भागीदार एकमेकांना धरून बसलेले असतात : चुन्याची धातू म्हणजे कॅल्शियम, कार्बन आणि प्राणवायू. सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवल्यावर कार्बन आपल्या वाट्याचा प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. मागे कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. म्हणूनच भाजलेली कळी हातात हलकी लागते.

ही फारकत करायला १०० किलो दगडामागे सुमारे ४२,५०० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. दगड तापवायला लागते ती आणि भट्टीच्या भिंतीतून व धुरातून वाया जाते ती उष्णता यात धरलेली नाही. म्हणून अशा भट्टीत दगडाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा दगडाचा थर अशी भरणी करतात. कोळशाची जमा लगेच दगडाच्या खर्चाला लागते. कोळसा कमी पडला तर कळी आतून कच्ची राहते. अशी कच्ची कळी पाण्यात टाकली की मधला दगड तसाच शिल्लक राहतो. चुना विकत घेताना मूठभर कळी भांड्यात विरवून पाहण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागे हेच कारण आहे.

आता गंमत पाहा. दगडाने खाल्लेली ती उष्णता कोठे गेली? ती बुडाली नाही. कळीच्या चुन्यात ती ठेव म्हणून पडून आहे. कळीवर पाणी पडले की ठेवीचा पहिला हप्ता परत मिळतो. चुना फसफसतो, वाफ उसळते, भांडे हात लावू देत नाही. वरच्या हिशेबातल्या ५६ किलो कळीतून सुमारे १५,५०० किलोकॅलरी सुटतात. एवढ्या उष्णतेवर दोनशे लिटर पाणी उकळीला येईल. कळीला विरायला मात्र अवघे १८ लिटर पाणी पुरते. मग ते उसळेल नाही तर काय करेल!

उरलेल्या २७,००० किलोकॅलरी तो विरलेला चुना भिंतीवर गेल्यावर देतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. वर्षानुवर्षे ही देवाणघेवाण इतक्या संथपणे चालते की भिंतीला हात लावून काही कळत नाही. १५,५०० आणि २७,००० मिळून ४२,५००. भट्टीत घेतलेली पै न् पै चुकती झाली. आपल्या जुन्या वाड्यांचा चुना असा मजबूत का, याचे मर्म हेच आहे. तो भिंतीत जाऊन पुन्हा दगड झालेला असतो.

चुना विरवताना

घराला पांढरी देताना किंवा संत्र्याच्या झाडांसाठी बोर्डो मिश्रण करताना आपण चुना विरवतो. एक टक्का बोर्डो मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना लागतो. तेव्हा पुढील गोष्टी पाळा.

आधी भांड्यात भरपूर पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. ढीगभर कळीवर तांब्याने पाणी ओतू नका. पाणी कमी पडले की उष्णता कोंडते आणि चुना तोंडावर उडतो. प्लास्टिकची बादली वापरू नका, ती वितळते. लोखंडी पिंप किंवा मातीचे भांडे घ्या. मोरचुदासाठी मात्र लोखंडी भांडे चालत नाही, ते वेगळे ठेवा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि पोरांना दूर ठेवा.

डोळ्यात चुना गेलाच तर चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा आणि निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहा. पापणी उलटून चुन्याचे कण काढून टाका आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तूप, मध, दूध यांत वेळ घालवू नका. चुना डोळ्याला दोन प्रकारे भाजतो, उष्णतेने आणि त्याच्या खारेपणाने. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी पोरांच्या हाती खेळायला देऊ नका. ती दाबली की फुटते आणि चुना नेमका डोळ्यात उडतो.

कळीची पोती गळक्या छपराखाली, कडब्याजवळ कधीही ठेवू नका. पोते भिजले तर त्या उष्णतेने ताग आणि गवत पेटू शकते. पाण्याने आग विझते हे आपल्याला माहीत आहे. पाण्याने आग लागते हे कळीचा चुना शिकवतो.

न पेटवता पेटणारी गंजी

चुन्याचे पोते पाण्याने पेटते. पण ज्या गंजीजवळ चुना नाही, बिडी नाही, दिवा नाही, ती कशी पेटते? शेजाऱ्यावर संशय घेऊन भांडणे होतात. कधी तो संशय खराही असेल. पण गंजी आपोआप पेटू शकते, हे आधी ध्यानात घ्या.

ओला कडबा किंवा परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीनचे कुटार रचले की त्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात. तेही प्राणवायू घेतात आणि ऊब सोडतात, लाव्हाझिएच्या गिनिपिगसारखे. उघड्यावर ही ऊब वाऱ्याबरोबर निघून गेली असती. गंजीच्या पोटात ती कोंडते. ६०-७० अंशांवर जिवाणू मरतात. पण तोवर चारा इतका तापलेला असतो की तो स्वतःच हवेतला प्राणवायू घेऊ लागतो आणि आणखी तापतो. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंश वाढीला अशा क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. सावकाराचे चक्रवाढ व्याज आणि गंजीची ऊब यांची चाल एकच. सुरुवातीला काही वाटत नाही आणि शेवटी सगळे घर घेऊन जाते. रचल्यापासून दोन ते सहा आठवड्यांत हा धोका जास्त असतो.

खाणीवरच्या कोळशाच्या ढिगाचेही असेच आहे. जमिनीतून नुकताच वर आलेला कोळसा हवा लागताच प्राणवायू घेऊ लागतो. ढीग मोठा आणि भुसभुशीत असला तर त्यात जाळ्यापुरती हवा शिरते, पण गार करण्यापुरती शिरत नाही. म्हणून कोळसा दाबून रचतात, ढीग फार उंच करत नाहीत आणि जुना माल आधी उचलतात. जमिनीखालचा कोळसा असा पेटला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. झारखंडमधील झरिया येथे १९१६ साली पहिली आग आढळली. शंभर वर्षे उलटून गेली तरी तेथील आग पुरती विझलेली नाही.

घरातही याचा छोटा भाऊ असतो. जवसाचे तेल आपल्या भागात नवे नाही. लाकडाला ते लावले की काही दिवसांत वाळते, असे आपण म्हणतो. खरे तर ते वाळत नाही, प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि ऊब सोडते. दारे-खिडक्यांना हे तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गंजीसाठी एवढे करा. चारा पुरता वाळल्याशिवाय रचू नका. काडी मोडली की कडकन आवाज आला पाहिजे. खाली दगड किंवा पऱ्हाटीचा थर द्या, म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही. एक मोठी गंजी करण्यापेक्षा दोन लहान करा आणि त्या घरापासून, गोठ्यापासून आणि एकमेकींपासून दूर ठेवा. रचल्यावर पहिले दीड महिना आठवड्यातून दोनदा लांब लोखंडी सळई आत खुपसा. पंधरा-वीस मिनिटांनी ती बाहेर काढा आणि सांभाळून हात लावून पाहा. हाताला सोसवत नसेल तर धोका आहे. काकवी करपल्यासारखा गोडसर वास येणे हीही खूणच. अशा वेळी गंजीवर चढू नका. आत जळून पोकळी झालेली असली तर माणूस खाली जातो. घाईघाईने ती फोडूही नका. आत एकदम ताजी हवा शिरली की भडका उडतो. आधी माणसे, पाण्याचे टँकर किंवा पंप आणि नळी जवळ आणा, गुरे सोडून दूर बांधा आणि अग्निशामक दलाला कळवा. मग पाणी मारत मारत गंजी कडेकडेने उकलत जा.

तीच ऊब, पण कामाची

जी ऊब गंजीत शत्रू, तीच खतात मित्र. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी कंपोस्टची जी पद्धत घालून दिली, ती त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून नाडेप म्हणून देशभर ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके, आणि त्याच्या भिंतीत ठिकठिकाणी भोके ठेवलेली. ती भोके वीट वाचवण्यासाठी नाहीत, प्राणवायू आत जाण्यासाठी आहेत. काडीकचरा, थोडे शेण, माती आणि पाणी यांचे थर देऊन वरून लिंपले की आत जिवाणूंचे संथ जळणे सुरू होते. त्या उबेने कचरा कुजतो, तणाचे पुष्कळसे बी मरते आणि तीन-चार महिन्यांत खत हाती येते.

गंजी आणि नाडेप यांतला फरक समजला तर सगळा विषय समजला. गंजीत आपल्याला चारा टिकवायचा आहे, म्हणून तो कोरडा ठेवून जिवाणूंना उपाशी ठेवायचे. टाक्यात आपल्याला कचरा कुजवायचा आहे, म्हणून त्यांना पाणी आणि हवा दोन्ही द्यायची.

मूळ भांडवल कोणाचे?

शेवटी एक प्रश्न उरतो. कोळसा, कडबा, भाकर, सगळे प्राणवायू घेऊन उष्णता देतात. मग त्यांच्यात ही उष्णता भरली कोणी?

ती भरली हिरव्या पानाने. पान पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेते, सूर्याचा प्रकाश खर्च करते आणि प्राणवायू मोकळा करते. एक किलो साखर पानात तयार होताना सुमारे ३,७०० किलोकॅलरी सूर्यप्रकाश तिच्यात बांधला जातो आणि एक किलोहून थोडा जास्त प्राणवायू हवेत सुटतो. प्रिस्टले यांनी भिंगाने पाऱ्याच्या राखेतून थोडासा प्राणवायू सोडवला. तुमच्या शेतातली ज्वारी दिवसभर उन्हात उभी राहून प्राणवायू सोडण्याचेच काम करत असते. त्या ज्वारीची भाकर खाऊन तुम्ही वखर धरता तेव्हा ती ऊब परत मिळते. वणीचा कोळसा म्हणजे सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांनी ठेवलेली अशीच ठेव. आपण ती काही पिढ्यांत मोडतो आहोत.

आकाशातली वीजही या वहीत आहे. हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू शेजारी शेजारी असतात, तरी ते आपसात जुळत नाहीत. कारण त्यांच्या जुळण्यातून उष्णता निघत नाही, उलट खर्च होते. हे सुरुवातीला सांगितलेल्या 'बहुतेक वेळा'ला अपवाद झाले. ही देवाचीच कृपा म्हणा. ते जुळताना उष्णता सुटली असती, तर एका काडीने सारी हवा पेटली असती. वीज कडाडते तेव्हाच तेवढी उष्णता मिळते, हे दोघे जुळतात आणि पुढे पावसाबरोबर थोडे नत्र आपल्या शेतात उतरते. खताची पिशवी वाचेल एवढे ते नसते, पण फुकट असते.

तर मंडळी, वही मिटण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जेथे प्राणवायू जुळतो तेथे बहुधा ऊब निघते, दिसो वा न दिसो. ऊब कोंडली तर ती वाढत जाते, मोकळी सोडली तर निघून जाते. आणि बंद खोलीत निखारे असतील तर आपल्या वाट्याचा प्राणवायू ते आधी घेतात.

आज संध्याकाळी गंजीत एकदा सळई घालून पाहा. आणि रात्री झोपताना शेगडी अंगणात ठेवा.